घोंगडीचा बोळा

मित्रांनो, पोखर्णीच्या अलीकडे एक लहान गाव आहे. तिथल्या एका गोठ्याच्या पडवीत, कडब्याच्या पेंढ्यांखाली एक काळी मोटार उभी आहे. ती मी. माझ्या चारही चाकांतली हवा केव्हाच गेली. टपावर कोंबड्या बसतात. मी थकले आहे, आणि खरे सांगायचे तर आता कोणी मला चालू करावे अशी माझी इच्छाही उरलेली नाही. पण एक गोष्ट माझ्या पोटात राहून गेली आहे. ती ऐकायला थोडा वेळ बसा.

माझा जन्म सातासमुद्रांपलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. माझ्यासारख्या पुष्कळ जणी रांगेत उभ्या होत्या आणि कोण कुठे जाणार हे कोणालाच माहीत नव्हते, एवढेच आठवते. जहाजातून मी मुंबईला आले, तिथून आगगाडीने निघाले आणि १९३४ च्या हिवाळ्यात परभणीच्या स्टेशनात उतरले. तेव्हा इकडे निजामाचे राज्य होते. कचेरीतले कागद उर्दूत आणि रस्ते मुरमाचे. मुरूम संपला की काळी माती. ती ओली झाली की चाकाला धरायची आणि सोडायची नाही.

माझे मालक व्यंकटराव. त्यांची जमीन मोठी, बोलणे थोडे, आणि राग लवकर येणारा. त्यांची पत्नी कस्तुराबाई. मला चालवणारा आश्रुबा मात्र मेंढरे राखणाऱ्या घरातला होता. निम्मे आयुष्य त्याने कळपामागे पायी काढले होते. पुढे परभणीच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या लॉऱ्या येत, तिथे तो मोटार शिकला. सदरा-टोपी घालून तो माझ्या स्टिअरिंगपाठी बसायचा, पण खांद्यावरची घोंगडी त्याने कधी सोडली नाही. थंडीत ती माझ्या इंजिनावर घालायचा. आजारी मेंढराला पांघरूण घालावे तसे.

पहिली तीन-चार वर्षे मी कौतुकात काढली. सोनपेठच्या बाजाराला गेले की माणसे बैलगाड्या बाजूला घेऊन मला पाहायला थांबत. पोखर्णीच्या नरसिंहाच्या दर्शनाला जाताना कस्तुराबाई शेजारपाजारच्या बायकांनाही बसवून घेत. कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर व्यंकटराव कुरकुर करत, पण मला पाठवत. मी कधी अडले नाही. आश्रुबा दर रविवारी मला धुवायचा आणि शेवटी आपल्या धोतराच्या सोग्याने माझा दिवा पुसायचा.

आता माझ्या दुखण्याची सुरुवात सांगते.

१९३८ च्या पावसाळ्यात आम्ही सोनपेठहून परतत होतो. मागे कस्तुराबाई आणि त्यांची म्हातारी आई होती. गावाबाहेरचा ओढा भरून आला होता. पाणी फार खोल नव्हते, पण माझ्या पोटाला लागेल एवढे होते. आश्रुबाने काठावर मला थांबवले आणि विचार केला. मित्रांनो, इंजिन चालते तेव्हा त्याच्या पोटात वाफ आणि धूर साचतो. तो बाहेर पडावा म्हणून एक वाकडी नळी खाली सोडलेली असते. त्या नळीने आम्ही मोटारी श्वास सोडतो. तिच्यातून ओढ्याचे पाणी वर चढेल या भीतीने आश्रुबाने आपल्या घोंगडीचा कोपरा फाडला, त्याचा बोळा केला आणि नळीच्या तोंडात गच्च बसवला.

आम्ही सुखरूप पार झालो. पलीकडे म्हातारीला हुडहुडी भरली होती, म्हणून सगळ्यांनाच घरी पोचायची घाई झाली. बोळा नळीत तसाच राहिला. पुढे तेल आणि काळ्या मातीची धूळ बसून तो दगडासारखा झाला.

महिन्याभरात माझे तेल गळू लागले.

माझ्या इंजिनावर डिस्ट्रिब्युटर नावाची एक काळी डबी आहे. ठिणगी कधी पडावी आणि कुठे पडावी, हे ती ठरवते. तिचा दांडा खाली इंजिनात उतरतो. त्या दांड्याच्या कडेने आधी नुसता ओलावा दिसला, मग थेंब, मग धार. तेल खाली ओघळायचेच, वर डबीतही चढायचे. तेल चढले की ठिणगी विझायची आणि मी रस्त्यात ठसके देत उभी राहायची. आश्रुबा उतरून डबी उघडायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा. दोन कोस गेले की पुन्हा तेच.

परभणीला स्टेशनाजवळ मौला मिस्त्रीचा मोटारी दुरुस्त करायचा कारखाना होता. पत्र्याचे छप्पर, बाभळीची सावली आणि लोखंड कातायचे एक जुने लेथ, एवढाच त्याचा संसार. पण इंजिनाला कान लावून दुखणे ओळखणारा तसा माणूस आसपास दुसरा नव्हता. त्याने डबीच्या बुडाशी कॉर्कची चकती बसवली. ती आठ दिवस टिकली. मग चामड्याची बसवली, मग नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची. दांड्याभोवतीचे पितळी कडे, म्हणजे बुश, त्याने स्वतः घडवले. जालन्याच्या एका मिस्त्रीने डबीच बदला असे सांगितले, म्हणून मुंबईहून नवी डबी आली. नव्या डबीतूनही तेल गळले.

दोष तिथे नव्हताच, मित्रांनो. श्वासाची वाट बंद झाल्यावर आत दाटलेली वाफ तेलाला ढकलत होती, आणि तेलाला बाहेर पडायला तीच एक फट सापडली होती. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. पण मोटारीला सांगता येत नाही. दहा वर्षे मी माणसांना माझा चुकीचा भाग पुसताना पाहिले.

लोक मला गळकी मोटार म्हणू लागले. मी जिथे उभी राही तिथे हातभर काळा डाग पडे. आश्रुबाची बायको तानुबाई पडवीत रोज राख पसरायची आणि रोज काळी झालेली राख भरून टाकायची. व्यंकटरावांना मित्रमंडळींसमोर लाज वाटे. मग ते आश्रुबाला बोलत. आश्रुबा ऐकून घ्यायचा आणि कापड घेऊन माझ्याजवळ यायचा. पुढे लढाई लागली. पेट्रोल मिळेना, टायर मिळेना. मी महिनेच्या महिने उभी राहू लागले. उभ्या उभ्याही मी दमत होते.

१९४७ साल सरले आणि आमच्या मुलखात भीती आली. बाकीचा देश स्वतंत्र झाला होता, इकडे निजामाचेच राज्य चालू होते. हत्यारबंद रझाकार गावोगाव फिरू लागले. दिनकरराव नावाचे एक शिक्षक होते. सोनपेठकडच्या खेड्यांतून ते स्वातंत्र्याची पत्रके वाटत. त्यांच्या नावाचे वॉरंट निघाले, तेव्हा व्यंकटरावांनी आश्रुबाला सांगून दिनकररावांना त्यांच्या बहिणीच्या गावी पोचवले. बहिणीचे नाव बायनाबाई. दोन लहान मुली आणि सासूला घेऊन ती राहत होती. तिचा नवरा आधीच तुरुंगात होता. मी तिच्या दारात उभी राहिले ती घोटभर पाणी पिण्याएवढा वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी रझाकारांची टोळी त्या गावातून गेली. बायनाबाईच्या दारात तेलाचा ताजा डाग होता. तसा डाग टाकणारी मोटार साऱ्या तालुक्यात एकच होती. त्यांनी घराची झडती घेतली आणि दिनकररावांना कणगीमागून ओढून नेले. आश्रुबालाही दोन दिवस परभणीच्या चौकीत बसवून ठेवले. त्याने तोंड उघडले नाही. परत आला तेव्हा त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. त्या दिवशी त्याने मला पुसले नाही. पडवीच्या कडेला बसून तो नुसता माझ्या खालच्या राखेकडे पाहत राहिला. गळणाऱ्या वस्तूला लाज वाटत नाही असे तुम्हाला वाटत असेल. मला त्या दिवशी वाटली.

वैशाखात बातमी आली की बायनाबाईच्या घरावर पुन्हा माणसे येणार आहेत. तिला मुलींसह निजामाच्या हद्दीबाहेर काढायला हवे होते. जिंतूर, येलदरी, सेनगाव आणि तिथून पुढे वऱ्हाडाची सीमा. एवढी वाट पायी निभणारी नव्हती. तिची म्हातारी सासू चार पावलांवर बसायची. व्यंकटराव म्हणाले, गळक्या मोटारीतून न्यायचे म्हणजे रस्ताभर आपला माग सांडत जायचे. आश्रुबाने एक दिवस मागितला आणि मला मौला मिस्त्रीकडे आणले.

मिस्त्री तेव्हा साठीला आला होता. त्याने आश्रुबाचा डोळा पाहिला. काय झाले हे विचारले नाही. आश्रुबा हळूच म्हणाला, "मिस्त्री, आता एक थेंब बी पडू देऊ नका. माणसांचं काम हाय."

"कुठं जायलाय ते मला सांगू नको," मिस्त्री म्हणाला. "कळलं तर कुणी विचारल्यावर खोटं बोलावं लागंल. किती दूर जायचं, तेवढं सांग."

सकाळपासून त्याने डबी चारदा काढली आणि चारदा बसवली. चौथ्यांदाही तेल आले. दुपारी त्याने इंजिनात तेल ओतले आणि थकव्याच्या भरात तेलाच्या तोंडाचे झाकण मडगार्डवरच विसरला. इंजिन चालू केले. डबीखाली बोट धरून वाट पाहत बसला. तेल आलेच नाही. बराच वेळ आले नाही. मग त्याची नजर झाकणावर गेली. त्याने ते लावले, आणि थेंब आला. काढले, थेंब थांबला. तीनदा त्याने झाकण लावून-काढून पाहिले. मग इंजिन बंद करून तो जमिनीवर बसला.

थोड्या वेळाने तो माझ्या पोटाखाली शिरला आणि ती वाकडी नळी खोलून घेतली. तारेचा आकडा घालून त्याने तिच्यातून एक कडक काळा गोळा ओढून काढला. रॉकेलमध्ये धुतला, बोटांनी उकलला. आत मेंढीची लोकर होती. काळी, हाताने विणलेली.

त्याने ती आश्रुबाच्या तळहातावर ठेवली. आश्रुबाने आपल्या खांद्यावरच्या घोंगडीचा फाटका कोपरा पाहिला. दहा वर्षांपूर्वीचा ओढा त्याला तेव्हा आठवला असावा, कारण तो एकदम खाली बसला. दिनकररावांना मीच धरून दिले, असे काहीतरी तो म्हणू लागला.

मिस्त्रीने त्याला बोलू दिले. मग म्हणाला, "तू एकदा चुकला, आश्रुबा. मी दहा साल नुसतं तेल पुसलं. ते कशामुळं येतंय हे एकदा बी पाहिलं न्हाई. मिस्त्री तर मी होतो."

त्या संध्याकाळी नळी स्वच्छ होऊन पुन्हा बसली. दहा वर्षांनी मी श्वास सोडला. आनंद वाटण्याइतके बळ माझ्यात नव्हते. फक्त खूप हलके वाटले.

दोन दिवसांनी भर उन्हात आम्ही निघालो. मागे बायनाबाई, दोन मुली आणि म्हातारी. नातलगाकडे बारशाला चाललो आहोत, असे सांगायचे ठरले होते. जिंतूरच्या अलीकडे रस्त्यावर बैलगाडी आडवी लावलेली होती. चार बंदूकवाले बाभळीखाली बसले होते. त्यांनी उतरायला लावले. एकाने आश्रुबाला विचारले, ही ती गळकी मोटार तर नाही? आश्रुबा म्हणाला, ती मोटार मोडीत गेली, मालकांनी ही दुसरी घेतली.

तो माणूस खाली वाकला. मी माझ्या आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. माझा स्वतःवरच भरवसा नव्हता. दहा वर्षांची सवय, एक थेंब पडायला कितीसा वेळ? त्याने माझ्या पोटाखालच्या दगडांवरून हात फिरवला आणि बोटे पाहिली. धूळ होती. नुसती धूळ. त्याने हात झटकला आणि बैलगाडी बाजूला घ्यायला सांगितले.

येलदरीला पूर्णेच्या वाळूत मी रुतले, तेव्हा बायनाबाईने पदर खोचून मागून रेटा दिला. सीमेच्या अलीकडे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. त्याच्या एक कोस आधी आश्रुबाने त्यांना उतरवले. पुढची आडवाट दाखवायला एक ओळखीचा मेंढपाळ थांबला होता. म्हातारीला तो पाठीवर घेणार होता. निघताना बायनाबाई आश्रुबाजवळ आली.

"त्या दिवशीचा डाग मी बघितला होता, आश्रुबा," ती म्हणाली. "सकाळी सडा टाकताना घासून काढू म्हणले. पोरी उठल्या आन् राहून गेलं. माझ्या भावाला मीच घालवलं."

"न्हाई, बाई," आश्रुबा म्हणाला. "घोंगडी माझी होती."

तिला ते कळले नसावे. पण तिने मान हलवली, मुलींचे हात धरले आणि ती चालू लागली.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले. दिनकरराव तुरुंगातून सुटले. त्यांचा डावा पाय कायमचा अधू झाला होता, पण ते जिवंत होते. गावात गुलाल उधळला. माझ्या टपावरही थोडा पडला. मला वाटले, आता सगळ्यांनाच विसावा मिळेल.

तसे झाले नाही. वर्षभराच्या भीतीचा आणि अपमानाचा सूड काही लोक रझाकारांच्या धर्माच्या भलत्याच माणसांवर उगवू लागले. ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती, त्यांची घरे पेटली. मौला मिस्त्री तेव्हा बायकोसह मुलीच्या गावी गेला होता. एका सकाळी तानुबाई मेंढरे घेऊन रानात गेली आणि धावत परत आली. ज्वारीच्या उभ्या पिकात मिस्त्री, त्याची बायको, मुलगी आणि तिचे तान्हे मूल लपले होते. दोन दिवसांचे उपाशी होते. परभणीच्या स्टेशनावर फौजेचा पहारा होता. तिथपर्यंत पोचले तरच ते वाचणार होते.

आश्रुबाने व्यंकटरावांकडे माझी चावी मागितली. गावातले लोक चिडलेले आहेत, उद्या आपल्याच दारात येतील, असे व्यंकटराव म्हणाले. आश्रुबाने पहिल्यांदाच त्यांना उलट उत्तर दिले. बायनाबाईला नेले तेव्हा मिस्त्रीने काही विचारले नव्हते, एवढेच तो म्हणाला. व्यंकटराव खाली मान घालून बसले. तेव्हा कस्तुराबाई उठल्या. त्यांनी खुंटीवरची चावी आश्रुबाच्या हातात दिली आणि पायात वहाणा घातल्या. "मी पुढं बसते," त्या म्हणाल्या.

कोणत्याही घरंदाज बाईला त्या काळी मी पुढच्या जागेवर बसलेले पाहिले नव्हते. ज्वारीतून चौघे आले आणि मागे खाली वाकून बसले. परभणीच्या वाटेवर एका गावच्या वेशीत कुऱ्हाडी आणि काठ्या घेतलेली दहा-पंधरा माणसे उभी होती. आश्रुबाने मला थांबवले. मागे बाळ कुरकुरले. एक जण काचेतून आत डोकावून मिस्त्रीकडे पाहू लागला.

कस्तुराबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "माझी माणसं हायत," त्या म्हणाल्या. "वाट सोडा."

त्यांचा आवाज मोठा नव्हता. त्या माणसांतले दोघे-तिघे त्यांच्याच शेतात कामाला येणारे होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिले, आणि त्यांतला एक मागे सरला. मग दुसरा. आम्ही निघालो तेव्हा कोणीतरी मागून दगड मारला. तो माझ्या मागच्या पत्र्यावर बसला. तो पोचा अजून आहे.

स्टेशनावर सैनिकांनी त्यांना आत घेतले. मिस्त्रीचा कारखाना तोवर जळून गेला होता. तिथून धूर अजून दिसत होता. त्याने तिकडे एकदा पाहिले. मग तो परत फिरून माझ्याजवळ आला, इंजिनावरचे झाकण उचलले आणि डबीच्या बुडाशी बोट फिरवले. बोट कोरडे होते.

"दर महिन्याला नळी काढून बघत जा," तो आश्रुबाला म्हणाला. "विसरू नको."

आश्रुबाने खांद्यावरची घोंगडी काढली आणि मिस्त्रीच्या मुलीच्या बाळाभोवती गुंडाळली. आगगाडी त्यांना घेऊन हैदराबादकडे गेली. त्यांचे पुढे काय झाले, हे आम्हाला कधी कळले नाही.

आश्रुबाने मिस्त्रीचा शब्द पाळला. दर अमावास्येला तो माझ्याखाली झोपून नळी खोलायचा, तारेने साफ करायचा. पुढची अकरा वर्षे माझ्या खाली एकही डाग पडला नाही. तानुबाईला राख पसरावी लागली नाही. मग त्याची नजर गेली. नंतर आलेल्या चालकांना नळीचे माहीत नव्हते, आणि आंधळ्या म्हाताऱ्याला विचारावे असे कोणाला वाटले नाही. तेल पुन्हा गळू लागले. तीन निरनिराळ्या मिस्त्र्यांनी माझी डबी उघडली, पुसली आणि बंद केली. मग मला इथे आणून उभे केले.

मित्रांनो, माझी कोणावर तक्रार नाही. वाहन जुने झाले की बाजूला पडतेच. तुमच्याकडे एकच मागणे आहे. घरात एखादी जुनी वस्तू कुरकुरू लागली तर तिला नावे ठेवण्याआधी, तिला हाताळलेल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. तो काय सांगतो ते ऐका. यंत्राला तेल द्या, पाणी द्या, पुसा. पण त्याचे दुखणे ओळखणारा माणूस गावात असेल, तर आधी त्याला जपा. त्याची जात, त्याचा धर्म, त्याची भाषा यांची चौकशी करत बसू नका. मौला मिस्त्री त्या आगगाडीत बसून गेला, आणि त्यानंतर साऱ्या परभणीत तसा हात मला पुन्हा लागला नाही.